घरच्या स्विमिंग पूलला हीटर आणि मोबाईल कंट्रोल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळीचे कंदील उतरले की आमचा फोन वाजायला लागतो. लोणावळा, मुळशी, कर्जत, अलिबाग, नाशिककडचे फार्महाऊस, माणसं वेगळी, तक्रार तीच : "पूल बांधला, पण नोव्हेंबर ते फेब्रुवारी कुणी पाण्यात पाय घालत नाही." त्या फोनवर जे बोलणं होतं तेच इथे लिहून ठेवलं आहे. हिशेब सोपा जावा म्हणून सगळीकडे एकच पूल धरला आहे : ८ मीटर लांब, ४ मीटर रुंद, सरासरी सव्वा मीटर खोल. म्हणजे ४० हजार लिटर पाणी. तुमचा पूल याच्या दुप्पट असेल तर आकडेही दुप्पट करा.

आपल्याकडे एवढी थंडी असते का, की हीटर लागावा?

हवेला लागत नाही, पाण्याला लागतो. जानेवारीत पुण्यात दुपारी २८-३० अंश असतात, पण पहाटे पारा ११-१२ पर्यंत उतरतो आणि नाशिक-निफाडकडे त्याहूनही खाली जातो. उघड्या पुलाचं पाणी अशा दिवसांत २० अंशांच्या आसपास रेंगाळतं. स्पर्धेच्या तलावाचं पाणी २५ ते २८ अंश ठेवतात, तेही जोरात हातपाय मारणाऱ्यांसाठी. लहान मुलं आणि आजी-आजोबा पाण्यात नुसते उभे राहणार असतील, तर २९-३० अंश लागतात. अलिबाग, गुहागर, गोवा अशा किनारपट्टीवर मात्र आम्ही बऱ्याच जणांना हीटर घेऊ नका असंच सांगतो. तिथे झाकण पुरतं.

झाकण? आम्ही हीटरबद्दल विचारत होतो.

हो, पण खर्चाचा क्रम असा आहे : आधी झाकण, मग हीटर, मग मोबाईल कंट्रोल. लोक नेमकं उलट्या टोकाकडून सुरुवात करतात, कारण मोबाईल पाहुण्यांना दाखवता येतो आणि झाकण दाखवता येत नाही.

पुलाची उष्णता जमिनीत फारशी मुरत नाही, ती वरून उडते. बाष्पीभवनाने १ लिटर पाणी उडालं, तर जाताना ते जवळजवळ ५८० लिटर पाण्याचा १ अंश घेऊन जातं. माठ गार होतो त्यातलीच ही गोष्ट, फक्त इथे ती आपल्याला नको आहे. आपल्या पुलाचा पृष्ठभाग ३२ चौरस मीटर. कोरड्या हवेत दिवसाला ४ मिलिमीटर पातळी उतरते असं धरलं, तर १२८ लिटर पाणी उडालं. त्याबरोबर सुमारे ८६ युनिट (विजेच्या बिलातलंच युनिट, म्हणजे किलोवॉट-तास) उष्णता गेली, म्हणजे सगळा पूल पावणेदोन अंशांहून जास्त गार झाला. रोज. हीटर रात्रभर राबून जे कमावतो, त्यातलं बरंचसं उघडं पाणी असंच उधळून टाकतं.

पाण्यावर तरंगणारं निळं बबल कव्हर हा यातला सर्वांत स्वस्त उपाय. फुगे खाली, सपाट बाजू वर. गुंडाळायला रोलर नक्की घ्या, नाहीतर दोन माणसं लागतात आणि चौथ्या दिवशी ते कव्हर भिंतीला टेकवून ठेवलेलं दिसतं. आणि एक सक्त सूचना : हे झाकण म्हणजे सुरक्षेची जाळी नव्हे. त्यावर मूल पाय देऊन गेलं, तर ते खाली जाईल आणि वरून झाकण मिटेल. कुणी पाण्यात उतरणार असेल तर कव्हर पूर्ण काढायचं, अर्धं नाही.

पाणी तापायला नेमकी किती वीज लागते?

१ हजार लिटर पाणी १ अंशाने तापवायला १.१६ युनिट उष्णता लागते. ४० हजार लिटरला साडेसेहेचाळीस. २० वरून २८ अंशांवर न्यायचं तर ८ अंश, म्हणजे साधारण ३७२ युनिट उष्णता. हा आकडा कुठल्याही कंपनीच्या माहितीपत्रकाने बदलत नाही. बदलतं ते एवढंच, की ही उष्णता तुम्ही कशातून मिळवता.

मग कुठला हीटर घ्यावा?

चार पर्याय आहेत. आमचं मत लपवून ठेवत नाही : आठवड्याला वापर असेल तर हीट पंप.

साधा इलेक्ट्रिक हीटर म्हणजे मोठा गीझर. ३७२ युनिट उष्णतेला ३७२ युनिट वीज. यंत्र स्वस्त, बिल महाग. वर १८-२४ किलोवॉटचा हीटर म्हणजे थ्री फेज कनेक्शन आणि वाढीव मंजूर भार आलाच.

हीट पंप म्हणजे उलटा एसी. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून पाण्यात सोडतो, म्हणून १ युनिट विजेत ४ ते ५ युनिट उष्णता देतो. तेच ३७२ युनिट काम ७५ ते ९३ युनिट विजेत होतं. आपल्याकडची दुपारची ऊबदार हवा या यंत्राला फार मानवते. युरोपात बर्फात जे यंत्र धापा टाकतं, ते इथे आरामात चालतं.

गॅसचा हीटर सर्वांत झटपट. पण १९ किलोच्या एका व्यावसायिक सिलिंडरमधून पाण्यात उतरते सुमारे २०० युनिट उष्णता, म्हणजे एका वेळच्या तापवणीला जवळपास दोन सिलिंडर. घरगुती लाल सिलिंडर यासाठी वापरता येत नाही, कुणी "जमवून देतो" म्हणालं तरी. क्वचित, अचानक ठरणाऱ्या पार्ट्यांसाठी गॅस ठीक.

सोलरमध्ये काळ्या प्लास्टिकच्या नळ्यांच्या चटया गच्चीवर टाकतात. चालवायला खर्च जवळजवळ शून्य. मात्र पुलाच्या पृष्ठभागाच्या निम्म्यापासून तेवढ्याच क्षेत्रफळापर्यंत जागा हवी, आणि तीही दक्षिणेकडे सावली नसलेली. सह्याद्रीच्या कुशीतल्या बंगल्यांवर झाडांची सावली हीच तर शोभा असते.

गच्चीवर ३०० लिटरचा सोलर आहेच. त्याचं गरम पाणी पुलात सोडलं तर?

३०० लिटर पाणी ६० अंशांचं असेल, तर २० अंशांच्या पुलाला त्याने ०.३ अंश वाढ मिळेल. आणि घरातल्या सगळ्यांना गार पाण्याने अंघोळ. (एका गृहस्थांनी पाणी तापवायचा रॉड पुलात सोडण्याबद्दल विचारलं होतं. याचं उत्तर आम्ही फोनवर ओरडून दिलं, इथेही तसंच समजा.)

पंधरा किलोवॉटचा हीट पंप घेतला, तर किती वेळात पाणी तापेल?

कागदावर २५ तास. प्रत्यक्षात ३५ ते ४० धरा. यंत्रावर छापलेली क्षमता सहसा २६-२७ अंशांची हवा धरून मोजलेली असते. लोणावळ्याच्या जानेवारीतल्या रात्री ती बरीच उतरते. विक्रेत्याकडे १५ अंशांच्या हवेतला आकडा मागा. तो माहितीपत्रकात दुसऱ्या ओळीत, बारीक अक्षरांत असतो. तो नसेल तर ते यंत्र घेऊ नका.

मोबाईल कंट्रोलचा खरा उपयोग या ३५-४० तासांतच आहे. मालक दादरला किंवा कोथरूडला, पूल लोणावळ्याला. शनिवारी सकाळी पोचल्यावर बटण दाबलं, तर पाणी तापेल रविवारी रात्री, म्हणजे गाडीत सामान भरताना. तेच गुरुवारी दुपारी दोनला ऑफिसातून सुरू केलं आणि वर झाकण असलं, तर शनिवारी सकाळी मुलं थेट उडी मारतात.

आठवडाभर तापवलेलंच ठेवलं तर स्वस्त पडत नाही का? "पुन्हा पुन्हा तापवायला जास्त लागतं" असं ऐकलंय.

हा समज गीझरबद्दलही आहे आणि तिथेही चूकच आहे. पाणी जितकं गरम, तितकी उष्णता वेगाने उडते. फक्त शनिवार-रविवारी वापर असेल, तर सोमवारी बंद करा. रोज वापर असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा सेट तापमानाला ठेवा आणि हीट पंप शक्यतो सकाळी दहा ते संध्याकाळी सहा या वेळात चालवा, कारण तेव्हा हवा ऊबदार असते.

बिलात किती फरक पडेल?

विक्रेते हीट पंपाची वीज सांगतात आणि फिल्टरच्या मोटरची विसरतात. हीटर चालू असताना पाणी फिरतं राहायला हवं. एक एचपीची मोटर ४० तास चालली तर अंदाजे ३६ युनिट. म्हणजे एका तापवणीला सगळं धरून १२० युनिटच्या घरात. महिन्यात चार वेळा केलंत तर महावितरणच्या घरगुती दराचा ५०० युनिटच्या वरचा टप्पा गाठलाच म्हणून समजा, आणि तो टप्पा सर्वांत महाग.

घरावर सौर पॅनेल बसवायचे मनात असेल, तर दोन्ही कामं एकत्र विचारात घ्या. १ किलोवॉट पॅनेल दिवसाला सरासरी ४ युनिट देतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत (फेब्रुवारी २०२४ पासून) ३ किलोवॉट व त्यावरच्या घरगुती संचाला ७८ हजार रुपये अनुदान आहे. आठवडाभर बंद असलेल्या बंगल्याची वीज नेट मीटरमधून (घेतलेली आणि परत दिलेली वीज मोजणारा मीटर) जमा होत राहते आणि शेवटी पुलाच्या कामी येते.

फार्महाऊसला शेतीपंपाचं कनेक्शन आहे. त्यावरच जोडलं तर?

नाही. शेतीच्या दराने घेतलेली वीज दुसऱ्या कामाला वापरणं हा वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली अनधिकृत वापर ठरतो आणि दंडासकट वसुली होते. घरगुती मीटर घ्या, त्याचा मंजूर भार वाढवून घ्या.

जुन्या पुलाला हे सगळं बसतं का? फोडाफोड लागेल?

पुलाला हात लावावा लागत नाही. काम पंपरूममध्ये होतं. फिल्टरमधून पुलाकडे परत जाणाऱ्या पाइपात हीटर घालायचा. क्रम लक्षात ठेवा : मोटर, फिल्टर, हीटर आणि सगळ्यात शेवटी क्लोरीनचा डबा. क्लोरीन हीटरच्या आधी आलं तर ते तीव्र पाणी आतला पत्रा खातं. हीटर आणि क्लोरीनच्या मध्ये नॉन-रिटर्न व्हॉल्व्हही हवा, म्हणजे मोटर बंद झाल्यावर क्लोरीन मागे चढत नाही.

दुसरी गोष्ट बायपास. तीन व्हॉल्व्ह लावून अशी सोय करा की हीटर काढून दुरुस्तीला नेला तरी फिल्टर चालू राहील. प्लंबर "कशाला, सरळ जोडतो" म्हणेल. पैसे देण्याआधी बायपास दिसला पाहिजे. जोडाला युनियन (फिरवून सुटे करता येणारे जोड) हव्यात, नाहीतर पुढच्या वेळी करवतच काढावी लागते.

हीट पंप पंपरूममध्येच ठेवला तर चालेल? दिसायला बरा.

चालणार नाही. तो हवा गार करून बाहेर फेकतो. बंद खोलीत थोड्याच वेळात स्वतःच फेकलेली गार हवा पुन्हा ओढायला लागतो आणि थकतो. बाहेर, मोकळ्यावर, पंख्यासमोर भिंत नको. शेजाऱ्याच्या बेडरूमच्या खिडकीखालीही नको. समुद्राजवळ असाल तर खाऱ्या हवेसाठी लेप दिलेल्या पात्या (पंख्याच्या नव्हे, हवेतली उष्णता ओढणाऱ्या पातळ पत्र्यांच्या) मागा आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने हळू धार मारून धुवा.

पाणी परत येतं ते गरम लागतच नाही. यंत्र खराब आहे का?

बहुतेक वेळा ठणठणीत असतं. तासाला साडेसहा हजार लिटर पाणी फिरत असेल, तर १५ किलोवॉटचा पंप त्या पाण्याला एका फेरीत फक्त २ अंश देतो. हाताला ते कळत नाही. पूल हा शॉवर नव्हे. २० तासांनी थर्मामीटर बुडवून बघा आणि मग फोन करा. थर्मामीटर दोरी बांधून हातभर खोल सोडायचा, कारण वरचा थर नेहमी फसवतो.

यंत्राखाली पाणी साचतं. गळतंय?

गार झालेल्या पात्यांवर हवेतलं बाष्प धरतं, एसीच्या नळीतून टपकतं तसंच. दमट दिवसांत बादलीभरही निघतं. शंका असेल तर त्या पाण्याची क्लोरीन चाचणी करा. क्लोरीन निघालं तर पुलाचं पाणी गळतंय. नाही निघालं तर निश्चिंत राहा.

आमच्याकडे बोअरचं, जड पाणी आहे.

मग आतली नळी टायटॅनियमचीच घ्या आणि पाण्याचा पीएच ७.२ ते ७.६ मध्ये ठेवा. पीएच चढला की क्षार गरम पृष्ठभागावर आधी बसतात, चहाच्या पातेल्यात पांढरा थर धरतो तसे. पीएच उतरला तर तांब्याची नळी झिजते आणि पाण्याला, कधी मुलांच्या केसांनाही, हिरवट झाक येते. गरम पाण्यात क्लोरीन लवकर संपतं, म्हणून हीटर लावल्यावर तपासणी आठवड्यातून एकदा पुरत नाही. क्लोरीन १ ते ३ पीपीएममध्ये (दहा लाख भाग पाण्यात १ ते ३ भाग) आहे का, हे पोहण्याच्या दिवशी रोज बघा.

मोबाईल कंट्रोल म्हणजे काय काय येतं?

तीन प्रकार आहेत. पहिला, हीट पंपातच असलेलं वायफाय : तापमान, वेळ, चालू-बंद. बऱ्याच नव्या यंत्रांत ते येतंच, वेगळे पैसे देऊ नका. दुसरा, पूर्ण पॅनेल : मोटर, हीटर, दिवे, पाण्याची पातळी सगळं एका ॲपवर. तिसरा प्रकार शहरातले लोक विसरतात आणि गावातला प्रत्येक बागायतदार जाणतो : मोबाईल स्टार्टर. सिम कार्ड घातलेला डबा, त्याला फोन लावला की विहिरीवरची मोटर सुरू. तोच डबा पुलाच्या मोटरला लावता येतो. इंटरनेट लागत नाही, दुरुस्त करणारा तालुक्याला मिळतो, एक फेज गेली तर मोटर स्वतः बंद करतो. दिसायला ओबडधोबड आहे, पण मावळातल्या पावसात आम्ही त्याच्यावर ॲपपेक्षा जास्त भरवसा ठेवतो.

ॲपवर सारखं "ऑफलाइन" का दिसतं?

कारण राउटर हॉलमध्ये टीव्हीमागे आहे आणि पंपरूम जमिनीखाली काँक्रीटच्या पेटीत. पंपरूमपर्यंत लॅनची वायर ओढा किंवा तिथेच सिमवाला राउटर बसवा, आणि त्याला छोटा इन्व्हर्टर द्या. ही उपकरणं बहुधा २.४ गिगाहर्ट्झचं वायफायच ओळखतात. राउटर दोन्ही बँड एकाच नावाने देत असेल तर जोडणी अडते.

वीज जाऊन आल्यावर यंत्र आपोआप सुरू होतं का, हे विकत घेतानाच विचारा. गुरुवारी रात्री दोन मिनिटं वीज गेली आणि शनिवारी गार पाणी मिळालं, ही आमच्याकडे येणारी सर्वांत नेहमीची तक्रार आहे.

ऑनलाइन मिळणारा १६ अँपिअरचा स्मार्ट प्लग मोटरला लावू का?

नको. मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते. प्लगमधला रिले (आतला छोटा स्विच) चिकटतो, ॲपवर "बंद" दिसतं आणि मोटर चालूच राहते. स्मार्ट स्विचने फक्त कॉन्टॅक्टरची (मोठा करंट पेलणारा, विजेने चालणारा स्विच) कॉइल चालवावी, मोटरचा भार कॉन्टॅक्टरने घ्यावा. पॅनेलचा डबा घट्ट बंद होणारा घ्या. उबेला पाली येतात आणि कॉन्टॅक्टरमध्ये अडकून मरतात. आम्ही बंद पडलेली पॅनेल उघडायला जातो तेव्हा आधी पालच शोधतो. वळवाच्या पावसात विजा पडतात, म्हणून सर्ज प्रोटेक्टरही (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारा) लावा.

घरी बसून पूल सुरू करणं धोक्याचं नाही का?

आहे, म्हणून काही गोष्टी ॲपच्या भरवशावर सोडायच्या नाहीत. पाणी वाहत नसेल तर हीटर सुरूच होऊ नये, यासाठी फ्लो स्विच तारेने जोडलेला हवा. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (फिल्टरवरचा, पाण्याची वाट बदलणारा) "बंद" वर राहिला आणि लांबून मोटर सुरू झाली, तर फिल्टरची टाकी किंवा पाइप फुटू शकतो. म्हणून बॅकवॉशनंतर (उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्यावर) व्हॉल्व्ह फिल्टरवर आणल्याचा फोटो काळजीवाहकाकडून व्हॉट्सॲपवर मागवा. सुरू करण्याआधी तिथे फोन करा. पाण्यात कुणी असेल तर काही सुरू करायचं नाही.

वायरिंगबाबत तडजोड नाही. पुलाच्या सर्किटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच), तो महिन्यातून एकदा टेस्ट बटण दाबून तपासलेला. स्वतंत्र, मोजलेलं अर्थिंग. शिडी, रेलिंग, मोटर, हीटर ही सगळी धातूची अंगं एकमेकांना जोडून अर्थ केलेली. पाण्यातले दिवे १२ व्होल्टचेच. काठापासून साडेतीन मीटरच्या आत साधा सॉकेट, पॅनेल, एक्स्टेन्शन काहीही नको. परवानाधारक वायरमन लावा आणि त्याच्याकडून चाचणीचा कागद घ्या. ॲपचा आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. ज्याने बसवलं त्याच्याच मोबाईलवर तुमचा पूल दिसत राहतो, असं आम्ही पाहिलं आहे.

पावसाळ्यात काय करायचं?

बंद. लोणावळ्यात हंगामाला ४ हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. पूल वरून भरतो आणि काठावरून वाहतो, तेव्हा हीटर लावणं म्हणजे नदी तापवणं. हीटरचा बायपास फिरवून आतलं पाणी काढा, मुख्य स्विच खाली करा, वरून ताडपत्री टाका. उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून कंड्युटची (वायरींच्या पाइपांची) तोंडं बुजवा. दसऱ्याला पूजेआधी सगळं एकदा चालवून बघा.

बंगला सांभाळणारे काका विचारतात, "सगळं मोबाईलवर गेलं, तर माझं काय काम?"

त्यांना खरं उत्तर द्या : काम वाढलं आहे. कव्हर गुरुवारी घालणं, शनिवारी काढणं, जाळीतली पानं काढणं, पीएच बघणं यातलं ॲप काहीच करत नाही. पॅनेलवर हाताने आणि आपोआप चालवायचा असा दोन बाजूंचा स्विच ठेवायला लावा, खाली मराठीत रंगाने लिहा, आणि नेट गेलं की कुठल्या बाजूला फिरवायचा ते काकांकडून दोनदा करवून घ्या. फ्लो स्विच त्या दोन्ही बाजूंना लागू असला पाहिजे, हे वायरमनला आधीच सांगा. नंतर सांगितलं तर पॅनेल पुन्हा उघडावं लागतं.